जेत्यांचा आपसातला तह

७ मे १९१९. पहाटेचे चार वाजले असतील. पॅरिसमध्ये हर्बर्ट हूव्हर यांच्या दारावर थाप पडली. युद्धात होरपळलेल्या युरोपला धान्य पुरवण्याची जबाबदारी या अमेरिकी अधिकाऱ्यावर होती, त्यामुळे अवेळी निरोप येणे त्यांना नवे नव्हते. या वेळी मात्र निरोप्याने हातात ठेवले ते छापखान्यातून नुकतेच आलेले जाडजूड बाड. जर्मनीशी करायच्या तहाचा मसुदा, कलमे ४४०. हूव्हर वाचत बसले, आणि वाचून झाल्यावर पुन्हा अंथरुणाला पाठ लावणे त्यांना जमेना. कपडे चढवून ते बाहेर पडले. उजाडत होते, रस्ते मोकळे होते. थोड्या वेळाने दक्षिण आफ्रिकेचे जनरल यान स्मट्स भेटले, मग ब्रिटिश अर्थखात्याचे जॉन मेनार्ड केन्स. कोण कशामुळे बाहेर पडला आहे, हे कुणाला विचारावे लागले नाही.

तिघेही जिंकलेल्या बाजूचे, आणि परिषदेच्या कामात महिनोन्‌महिने राबलेले. तरी अख्खा तह एका जागी बांधलेला ते पहिल्यांदाच बघत होते. आदल्याच दिवशी दोस्त राष्ट्रांची गुप्त बैठक भरली होती. पूर्ण मसुदा छापून तयार नव्हता, म्हणून फ्रान्सच्या आंद्रे तार्द्यू यांनी फ्रेंचमध्ये त्याचा गोषवारा वाचून दाखवला. ज्या कागदावर सह्या करायच्या तो डोळ्यांखालून न घालताच बहुतेक राष्ट्रांनी मान डोलावली.

युद्धात जिंकले आणि तहात हरले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पॅरिसमध्ये प्रकार जरा निराळा झाला. तिथे जिंकलेल्यांनी आधी आपसात तह केला, आणि तो इतका जिकिरीचा निघाला की ज्याच्याशी खरा तह करायचा त्याच्याशी बोलायला जागाच उरली नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या तेव्हा सुमारे ९० लाख सैनिक मेले होते. एकट्या फ्रान्सने १४ लाखांच्या आसपास माणसे गमावली होती. माघार घेताना जर्मनांनी उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींत पाणी सोडून दिले होते. खुद्द जर्मनीच्या भूमीवर मात्र युद्धाचा ओरखडा जवळजवळ उमटला नव्हता. शस्त्रसंधीच्या दिवशीसुद्धा जर्मन फौजा परक्या मुलखातच उभ्या होत्या. आपण हरलो, हे बर्लिनच्या माणसाला डोळ्यांनी दिसले नव्हते आणि आपण जिंकलो, हे बेचिराख गावांकडे बघून फ्रेंच माणसाला पटत नव्हते.

१८ जानेवारी १९१९ रोजी फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या क्वे दॉर्सेवरच्या इमारतीत परिषद सुरू झाली. १८७१ साली याच तारखेला व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली होती. फ्रेंचांनी तो हिशेब बरोबर लक्षात ठेवला होता. २५ हून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. मूळ बेत साधा होता. दोस्त राष्ट्रांनी काही आठवडे बसून आपले मतैक्य करायचे, मग जर्मनांना बोलावून खरी परिषद भरवायची आणि समोरासमोर देवाणघेवाण करायची. सुरुवातीच्या बैठका ही पूर्वतयारी मानली जात होती. पण आठवड्यांचे महिने झाले आणि पूर्वतयारीच परिषद होऊन बसली. खरी परिषद रद्द केल्याचा ठराव कुणी मांडला नाही, की त्यावर मतदान झाले नाही.

या ढिलाईचा परिणाम विचित्र झाला. सीमा, बंदरे, रेल्वे, नुकसानभरपाई अशा एकेका विषयासाठी नेमलेल्या समित्या आणि उपसमित्या ५० च्या वर गेल्या होत्या. पुढे जर्मनांशी घासाघीस होणारच आहे, तेव्हा थोडे खाली यायला वाव ठेवलेला बरा, अशा हिशेबाने अनेकांनी चढ्या मागण्या लिहिल्या. शेजारची समिती काय लिहिते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. घासाघीस झालीच नाही, आणि सांगायचा भाव तोच घ्यायचा भाव म्हणून छापला गेला.

ब्रिटिश परराष्ट्र खात्याने तयारी म्हणून चार्ल्स वेब्स्टर या इतिहासकाराकडून १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेवर एक पुस्तक लिहून घेतले होते. नेपोलियनच्या पराभवानंतर भरलेल्या त्या परिषदेत हरलेल्या फ्रान्सचा वकील तालेराँ जेत्यांच्या भांडणात अलगद शिरला आणि पंगतीत बसूनच उठला. पॅरिसने त्यातून धडा घेतला तो एवढाच, की यंदा तालेराँला दाराबाहेर ठेवायचे. तालेराँला आत घेतलेली ती व्यवस्था युरोपात पुढे किती वर्षे टिकली, हा प्रश्न मागे पडला.

आधी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान यांचे दोन-दोन असे दहा जण निर्णय घेत. दहा जणांत बोललेले संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रांत पोहोचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून अमेरिकेचे वुड्रो विल्सन, ब्रिटनचे डेव्हिड लॉइड जॉर्ज, फ्रान्सचे जॉर्ज क्लेमांसो आणि इटलीचे व्हित्तोरिओ ओर्लांदो हे चौघेच बसू लागले, तेही बहुतेक वेळा विल्सन यांच्या मुक्कामाच्या घरातल्या अभ्यासिकेत. पहिले काही आठवडे टिपण घ्यायला सचिवसुद्धा नव्हता. काल काय ठरले यावरून आज वाद होऊ लागले, तेव्हा मॉरिस हँकी यांना आत घेतले गेले. दुभाषी होते पॉल मांतू, पेशाने इतिहासकार. क्लेमांसो तरुणपणी अमेरिकेत शिक्षक होते, बायकोही तिथलीच केलेली. त्यामुळे इंग्रजी चाले. त्यात कच्चे फक्त ओर्लांदो.

त्या खोलीतले क्लेमांसो नजरेसमोर आणण्याजोगे आहेत. वय ७७. डोक्याला काळी टोपी. हातांना इसब असल्यामुळे दिवसभर राखाडी हातमोजे. डोळे मिटून बसायचे, जणू इतरांचे बोलणे त्यांच्या गावीही नाही. आणि फ्रान्सचा विषय निघाला की एकदम जागे. १८७१ साली आल्सास-लोरेन जर्मनीच्या हवाली करण्याला विरोध करणाऱ्या फ्रेंच खासदारांत ते होते. त्या प्रांतांचे काय करायचे, यावर आता कुणाशी बोलण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

१९ फेब्रुवारीला सकाळी ते मोटारीतून निघाले असता एमिल कोतँ या तरुण अराजकवाद्याने त्यांच्यावर अनेक गोळ्या झाडल्या. एक गोळी फासळ्यांजवळ रुतली. डॉक्टरांनी ती काढली नाही, आणि जन्मभर ती तिथेच राहिली. म्हातारा दहाएक दिवसांत कामावर हजर. कोतँला फाशीची शिक्षा झाली तेव्हा ती सौम्य करवण्यात क्लेमांसोंनी स्वतः पुढाकार घेतला. इतक्या जवळून नेम चुकवणाऱ्याला फार तर नेमबाजीच्या वर्गात बसवावे, असा त्यांचा शेरा सांगतात.

समोर विल्सन. प्राध्यापकी करून राजकारणात आलेले, पदावर असताना युरोपात पाऊल ठेवणारे पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. जानेवारी १९१८ मध्ये त्यांनी मांडलेली १४ सूत्रे गृहीत धरूनच जर्मनीने शस्त्रे खाली ठेवली होती. जगातल्या राष्ट्रांची संघटना, म्हणजे राष्ट्रसंघ, उभी राहिली की तहातल्या चुका पुढे दुरुस्त करता येतील, अशी त्यांची श्रद्धा. या श्रद्धेपायीच ते एकेका मुद्द्यावर माघार घेत गेले. आणि लॉइड जॉर्ज? चपळ, मिठ्ठास बोलणारे, सकाळचे मत संध्याकाळी बदलणारे. डिसेंबर १९१८ ची निवडणूक त्यांच्या आघाडीने जर्मनीकडून पैसा वसूल करण्याच्या गर्जना करत जिंकली होती. ते ओझे आता मानेवर होते. एक गुण मात्र त्यांना द्यायला हवा. झेक आणि पोल ज्या तेशेन प्रांतासाठी भांडत होते, त्याचे नावही आपण कधी ऐकले नव्हते, असे त्यांनी ब्रिटिश संसदेत सरळ सांगून टाकले. इतर तिघांनी ऐकले असेल असे वाटत नाही. नकाशे टेबलावर मावत नसत, मग ते जमिनीवर पसरले जात आणि जगाचे भवितव्य ठरवणारी ही मंडळी गुडघे टेकून गावे शोधत.

भांडणाचे पहिले कारण ऱ्हाईन नदी. फ्रेंच सेनापती फॉश यांचे म्हणणे, जर्मनीची सीमा ऱ्हाईनवर थांबली पाहिजे. नदीच्या पश्चिमेचा मुलूख जर्मनीपासून तोडा आणि पुलांवर आपले पहारे बसवा. लष्करी दृष्टीने हे बिनतोड होते. पण तिथे राहणारी लाखो माणसे जर्मन होती, आणि आपण आल्सास-लोरेनसारखेच आणखी एक दुखणे निर्माण करतो आहोत, अशी धास्ती लॉइड जॉर्ज यांना होती. मार्चच्या मध्यावर विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांनी क्लेमांसोंपुढे एक सौदा ठेवला. ऱ्हाईनचा हट्ट सोडा. जर्मनीने पुन्हा हल्ला केला तर अमेरिका आणि ब्रिटन तुमच्या मदतीला येतील, असा लेखी करार आम्ही देतो. क्लेमांसोंनी तो घेतला, वर १५ वर्षांचा लष्करी ताबा आणि नदीकाठचा निःशस्त्र पट्टा पदरात पाडून घेतला. फॉश संतापले. ६ मेच्या बैठकीत त्यांनी उभे राहून तहाला विरोध केला आणि सह्यांच्या समारंभालाही ते फिरकले नाहीत. जमीन सोडून वचन घेतले, हा त्यांचा आक्षेप.

जर्मनीच्या सार प्रांतातल्या कोळसाखाणींवरून २८ मार्चला तर कडेलोट झाला. क्लेमांसोंनी विल्सनना जर्मनांचा कैवारी ठरवले आणि ते खोलीतून निघून गेले. पुढच्याच आठवड्यात विल्सन तापाने अंथरुणाला खिळले. अंथरुणातूनच ७ एप्रिलला त्यांनी आपले जहाज ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ फ्रान्सला बोलावल्याची बातमी फुटू दिली. निघून जाण्याची ही धमकी सगळ्यांना समजली. तडजोड निघाली: खाणी फ्रान्सच्या, कारभार राष्ट्रसंघाचा, १५ वर्षांनी सार्वमत. १९३५ साली ते झाले तेव्हा सारने प्रचंड बहुमताने जर्मनीला कौल दिला.

दुसरे भांडण पैशाचे, आणि ते जास्त कुरूप. तोडमोड झाली त्याची भरपाई एवढाच निकष लावला, तर बहुतेक पैसा फ्रान्स आणि बेल्जियमला जाणार होता. ब्रिटनची जहाजे बुडाली होती, पण घरे-शेते शाबूत होती. मग ब्रिटनच्या वाट्याला काय? युक्ती निघाली की सैनिकांच्या विधवांची आणि जखमींची निवृत्तिवेतनेही भरपाईत धरायची. त्यासाठी कायदेशीर टिपण लिहिले स्मट्स यांनी, म्हणजे ७ मेच्या पहाटे अस्वस्थ होऊन रस्त्यावर फिरणाऱ्या त्याच स्मट्सनी. विल्सन यांच्या सल्लागारांनी हे तर्काला धरून नाही असे बजावले. विल्सननी तर्क बाजूला ठेवून होकार दिला. एप्रिलमध्ये २०० हून अधिक ब्रिटिश खासदारांची तार लॉइड जॉर्जना आली, की जर्मनीकडून पुरेपूर वसूल करा. ब्रिटनच्या लॉर्ड कनलिफ यांनी सुचवलेला आकडा २४ अब्ज पौंडांचा होता, अमेरिकी तज्ज्ञांचे अंदाज त्याच्या आसपासही नव्हते. जो आकडा सांगावा तो घरच्या मतदाराला थोडा आणि जर्मनाला फार वाटणार. चौघांनी त्यावर काढलेला तोडगा राजकारण्यांना साजेसा होता. आकडाच लिहायचा नाही. १ मे १९२१ पर्यंत एक आयोग तो ठरवील.

आयोगाने पुढे १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरवले. त्यातले ८२ अब्जांचे रोखे अशा अटींवर काढलेले होते की ते वसूल होणार नाहीत हे जाणकारांना ठाऊक होते. मोठा आकडा मतदारांसाठी, छोटा हिशेबनिसांसाठी.

याच पैशाच्या गुंत्यातून कलम २३१ जन्माला आले. नॉर्मन डेव्हिस आणि जॉन फॉस्टर डलेस या दोन अमेरिकनांनी ते शब्दबद्ध केले. युद्धाने झालेल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर आहे असे २३१ मध्ये म्हणायचे आणि लगेच २३२ मध्ये, पण एवढे सगळे फेडण्याची त्यांची ऐपत नाही असेही मान्य करायचे. फ्रेंच-ब्रिटिशांना तत्त्व मिळाले, अमेरिकनांना मर्यादा. थोडक्यात हे कलम जेत्यांचे आपसातले भांडण मिटवण्यासाठी लिहिले गेले. जर्मनीत ते कसे वाचले जाईल याचा विचार लिहिणाऱ्यांनी फारसा केला नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्या तहांतही तशीच कलमे आहेत. त्यांवरून जर्मनीइतके रान कुठेच पेटले नाही.

ओर्लांदोंना ॲड्रियाटिक समुद्रावरचे फ्यूमे बंदर हवे होते. विल्सननी ते नाकारले आणि त्यांना वगळून थेट इटालियन जनतेला आवाहन केले. ओर्लांदो २४ एप्रिलला रुसून रोमला गेले, आणि आपल्यावाचून काम चालूच आहे हे दिसल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात परत आले. याच काळात जपानने डाव साधला. राष्ट्रसंघाच्या सनदेत राष्ट्राराष्ट्रांतल्या समतेचे तत्त्व घालावे, हा जपानी प्रस्ताव ११ एप्रिलला समितीत आला होता. १७ पैकी ११ मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन, त्यांनी एकमत नाही म्हणून प्रस्ताव फेटाळला. ऑस्ट्रेलियाचे बिली ह्यूज यांना गोऱ्यांखेरीज कुणी देशात नको होते आणि ब्रिटन त्यांना दुखवायला तयार नव्हता. एक ‘नाही’ ऐकून घेतलेल्या जपानला दुसरे ऐकवणे विल्सनना परवडणारे नव्हते. चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मन हक्क जपानला मिळाले. चीन दोस्तांच्या बाजूनेच युद्धात उतरला होता! ४ मेला पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि चीनने तहावर सही केली नाही.

समतेचा प्रस्ताव पडला ११ एप्रिलला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली.

त्या परिषदेत हिंदुस्थान होता, आणि नव्हताही. १० लाखांहून अधिक हिंदी माणसे युद्धासाठी समुद्रापार गेली होती, त्यातली ६० हजारांहून अधिक परत आली नाहीत. मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार भोगली होती. त्याच मेसोपोटेमियातले तेलाचे मोसूल डिसेंबर १९१८ मध्ये लंडनला क्लेमांसोंनी लॉइड जॉर्जना तोंडी बोलण्यात देऊन टाकले होते. परिषदेत हिंदुस्थानला कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या दोन जागा मिळाल्या खऱ्या, पण बसले कोण? भारतमंत्री मॉन्टेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. तिघेही सरकारचे निवडलेले.

काँग्रेसने डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात वेगळी नावे ठरवली होती: टिळक, गांधी आणि हसन इमाम. टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. त्यांना ‘हिंदी असंतोषाचे जनक’ म्हणणाऱ्या व्हॅलेंटाईन चिरोलवर त्यांनी भरलेला अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. पॅरिसला जायला सरकारने त्यांना पारपत्र दिले नाही. टिळकांनी विल्सनना लिहिले. हा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून हाताळला जाईल, असे चिटणिसाचे गुळमुळीत उत्तर आले. २१ फेब्रुवारीला, क्लेमांसोंवर गोळ्या झडल्या त्याच आठवड्यात, दाव्याचा निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा डोंगर अंगावर पडला. तरी मार्चमध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष म्हणून क्लेमांसोंना पत्र धाडले. त्यातला युक्तिवाद नुसत्या तक्रारीचा नाही. एवढा मोठा, स्वयंपूर्ण आणि कुणाच्या मुलखावर डोळा नसलेला देश स्वतंत्र झाला तर आशियातल्या शांततेचा तो आधार होईल, असे टिळक मांडतात. ज्यांनी मोसूल असे तोंडी वाटून टाकले त्यांच्यापैकी हे पत्र कुणी गंभीरपणे वाचले असेल, ही आशा भाबडीच.

टिळक एकटे नव्हते. इजिप्तच्या साद झगलूल यांना ब्रिटिशांनी आधी माल्टाला हद्दपार केले. एप्रिलमध्ये ते पॅरिसला पोहोचले, तोच अमेरिकेने इजिप्तवरचे ब्रिटिश संरक्षण मान्य केले. कोरियाचा प्रतिनिधी ताटकळला. न्यूयेन आय कुओक या सहीने व्हिएतनामी लोकांच्या मागण्यांचे एक निवेदनही आले. ती सही वापरणारा तरुण पुढे हो चि मिन्ह म्हणून जगाला माहीत झाला.

जर्मन शिष्टमंडळ एप्रिलच्या अखेरीस व्हर्सायला आले. युद्धात उजाड झालेल्या भागातून त्यांची गाडी मुद्दाम सावकाश नेण्यात आली. सोबत कागदपत्रांच्या पेट्या होत्या, कारण समोरासमोर चर्चा होईल अशी त्यांची समजूत होती. हॉटेलच्या भिंतींना कान असतील या भीतीने आपसात बोलताना ते ग्रामोफोन चालू ठेवत. ७ मेच्या दुपारी त्रियानों पॅलेस हॉटेलात त्यांना मसुदा देण्यात आला. क्लेमांसो उभे राहून मोजके बोलले: तोंडी चर्चा नाही, म्हणणे लेखी द्या, मुदत १५ दिवस. जर्मन परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांत्साऊ यांनी बसूनच उत्तर दिले. शस्त्रसंधीनंतरही चालू राहिलेल्या नाकेबंदीने लाखो निरपराध मेल्याचा आरोप त्यांनी केला. आरोपात तथ्य होते, पण खोलीत चर्चा झाली ती ते उठून उभे राहिले नाहीत याचीच. रागाने लॉइड जॉर्जच्या हातातली कागद कापायची सुरी मोडली म्हणतात.

मेअखेर जर्मनांची लांबलचक हरकत आली, आणि लॉइड जॉर्जचे पाय डळमळले. जर्मनीने सहीच केली नाही तर? त्यांच्या मंत्र्यांनाही अटी जाचक वाटू लागल्या होत्या. ते पुन्हा चौघांत गेले आणि पोलंडची सीमा, भरपाई, लष्करी ताबा सगळे सौम्य करा म्हणाले. क्लेमांसो ढिम्म. विल्सन चिडले: यातले बरेचसे ब्रिटिशांनीच घालायला लावले होते, आता शेवटच्या घटकेला घाबरून कसे चालेल? अडचण खरीच होती. भावाभावांनी रात्री जागवून केलेल्या वाटणीपत्रात एक ओळ खोडली की प्रत्येक जण आपली ओळ उकरून काढतो. तीच गत इथे होती. सारचे कलम बदलावे तर ऱ्हाईनचे उसवणार, भरपाई कमी करावी तर निवृत्तिवेतनाचा वाद पुन्हा सुरू. मोठा म्हणावा असा एकच बदल झाला. अप्पर सायलेशिया थेट पोलंडला न देता तिथे सार्वमत घ्यायचे ठरले. न्याय-अन्यायाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एवढे दिसते की जर्मनीशी वाटाघाट न करण्याचे कारण निव्वळ सूड नव्हते. वाटाघाट करण्याची ताकदच जेत्यांत शिल्लक नव्हती.

पुढचे झटपट घडले. २० जूनला जर्मन सरकार कोसळले. २१ जूनला स्कापा फ्लो बंदरात नजरकैदेत असलेले आरमार जर्मन खलाशांनी स्वतःच्या हातांनी बुडवले, ७४ पैकी ५२ जहाजे. फॉशच्या फौजा कूच करायच्या तयारीत होत्या. अंतिम मुदत संपायला दोन तासही उरले नव्हते, तेव्हा २३ जूनला बर्लिनचा होकार आला.

२८ जूनला, युद्धाची ठिणगी ठरलेल्या सारायेव्होतल्या खुनाला बरोबर ५ वर्षे झाली त्या दिवशी, आरसेमहालात हेर्मान म्यूलर आणि योहान्नेस बेल यांनी जर्मनीच्या वतीने सह्या केल्या. त्यांच्या वाटेवर क्लेमांसोंनी ५ फ्रेंच सैनिक बसवले होते, ज्यांचे चेहरे युद्धात फाटून गेले होते. हिंदुस्थानतर्फे मॉन्टेग्यू आणि गंगासिंह यांनी सही केली, आणि स्वराज्य नसलेला हा देश राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला. स्मट्सनी निषेध नोंदवून सही केली. केन्स महिन्याच्या सुरुवातीलाच राजीनामा देऊन निघून गेले होते. डिसेंबरात त्यांचे तहाचे वाभाडे काढणारे पुस्तक आले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाचे मत त्याने पुढची कित्येक वर्षे घडवले.

चौघांपैकी ओर्लांदोंचे सरकार सह्यांच्या आधीच पडले होते. विल्सनना ऑक्टोबरमध्ये पक्षाघाताचा झटका आला. अमेरिकी सिनेटने तह नोव्हेंबर १९१९ मध्ये एकदा आणि मार्च १९२० मध्ये पुन्हा नामंजूर केला. क्लेमांसोंना जानेवारी १९२० मध्ये स्वतःच्याच लोकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डावलले. ते प्रवासाला निघाले, हिंदुस्थानात आले, बिकानेरला गंगासिंहांचा पाहुणचार घेतला आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जंगलात वाघ मारले. फ्रान्समध्ये त्यांना स्वतःलाच ‘वाघ’ म्हणत.

ऱ्हाईन सोडताना मिळालेल्या हमीचे काय झाले? त्या करारावरही २८ जूनलाच सह्या झाल्या होत्या. अमेरिकी सिनेटने तो मतालाही घेतला नाही. ब्रिटनची हमी अमेरिकेच्या मंजुरीवर अवलंबून ठेवलेली होती, त्यामुळे तीही आपोआप बाद झाली. ज्या अटीवर फ्रान्सने नदी सोडली ती अट गेली, आणि नदी तर सोडून झाली होती. दोस्तांच्या शेवटच्या तुकड्यांनी ३० जून १९३० रोजी, मुदतीच्या ५ वर्षे आधी, ऱ्हाईनकाठ रिकामा केला. ७ मार्च १९३६ रोजी हिटलरच्या बटालियनी निःशस्त्र पट्ट्यात शिरल्या. पॅरिसने लंडनकडे बघितले, लंडनने निषेध नोंदवला. गोळी कुणी झाडली नाही.